गल्ल्यातलं नाणं: टांकसाळीत चुकलं की घरात बिघडलं?

मागच्या अंकात जाता जाता लिहिलं होतं, की आमच्या मालवणच्या दुकानाच्या गल्ल्यात कधीमधी टांकसाळीत चुकलेलं नाणं निघतं आणि ते मी बाजूला काढून ठेवते. एवढ्या एका वाक्यावर खेडपासून वेंगुर्ल्यापर्यंतची पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. निम्म्या पत्रांत एकच प्रश्न आहे, ‘याचे किती येतील?’ त्यांना एकगठ्ठा उत्तर खाली दिलंय. ज्यांनी नाणं नीट बघून काही विचारलंय, त्यांचा नंबर आधी.

काकू, मी कॉलेजात आहे. मला एरर आणि व्हरायटीची नाणी जमवायची आहेत. महिन्याला पाचशे रुपये बाजूला काढू शकतो. आधी कोणतं नाणं विकत घेऊ? (खेड)

कुठलंच घेऊ नकोस. पहिल्या महिन्याच्या पैशांत दहापट मोठं दाखवणारं भिंग घे, सोनार डोळ्याला लावतात तसलं. पुढच्या महिन्यात ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा वजनकाटा घे. लोहचुंबक घरात कुठेतरी पडलेलं असेलच. एवढं हातात असल्याशिवाय विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघून नाणं घ्यायचं म्हणजे मासळी बाजारात डोळे मिटून पापलेट घेणं.

मग नाणं तयार कसं होतं ते समजून घे. या छंदातलं निम्मं शहाणपण तिथेच आहे. धातूच्या लांब पट्टीतून गोल चकत्या कापतात. चकतीची कड दाबून थोडी उचलतात, भट्टीत तापवून तिला मऊ करतात आणि मग ती छापायला जाते. छापायच्या यंत्रात खाली एक ठसा, वर एक ठसा आणि भोवती पोलादाचं कडं असतं, त्याला कॉलर म्हणतात. दाब पडला की दोन्ही बाजू एकदम उमटतात, आणि कॉलर असल्यामुळे धातू बाहेर पसरत नाही.

आता यातल्या एकेका जागी काय बिघडू शकतं ते बघ, म्हणजे चुकांची नावं पाठ करत बसावं लागणार नाही. पट्टीतून चकती कापताना पंच आधीच्या भोकावर अर्धवट पडला, तर चकतीचा चंद्रकोरीसारखा तुकडा कमी. चकती ठशाखाली मधोमध बसली नाही, तर ऑफ सेंटर. कॉलर जागेवर नसली, तर नाणं पसरट आणि कड गुळगुळीत. ठशात ग्रीस भरलं, तर सनातला एखादा आकडा गायब. ठशाला तडा गेला, तर नाण्यावर बारीक रेघ.

ही रेघ भिंगाखाली नीट बघ, कारण नवखे लोक इथेच फसतात. ठशाला तडा म्हणजे ठशात खाच. दाबताना त्या खाचेत धातू शिरतो, म्हणून नाण्यावरची रेघ वर आलेली असते. रेघ आत गेलेली असेल, तर तो ओरखडा. किल्ल्यांच्या जुडग्याने केलेला असेल, बसच्या सीटखाली झालेला असेल, टांकसाळीचा त्यात काही संबंध नाही. तुकडा कमी असलेल्या नाण्यातही अशी एक खूण आहे. खऱ्या नाण्यात कमी भागाच्या बरोबर समोरची कड बऱ्याचदा फिकी, दबलेली दिसते, कारण कड उचलताना त्या जागेवर पुरेसा दाबच बसलेला नसतो. कानशीने घासून केलेल्या नाण्याची समोरची कड शाबूत असते आणि कापल्या जागी कानशीचे चरे सापडतात.

एरर म्हणजे एका नाण्यापुरता अपघात. व्हरायटीत फरक ठशातच किंवा कॉलरमध्येच असतो, त्यामुळे त्यातून निघालेल्या हजारो नाण्यांवर तो तसाच येतो. सनाचे आकडे लहान-मोठे, सिंह थोडे वेगळे कोरलेले, कड निराळी, टांकसाळीचं चिन्ह निराळं. बाजारात भाव एररला जास्त, पण माझं मन व्हरायटीत रमतं. एररला पैसे तरी लागतात, नाहीतर नशीब. व्हरायटीला फक्त डोळे लागतात, आणि ती आज संध्याकाळीही सुरू करता येते. १९९२ पासूनचं ते जाड, नऊ ग्रॅमचं पाच रुपयांचं नाणं आठवतंय ना? कुणाच्या तरी डब्यात असेलच. दहा-बारा गोळा कर आणि फक्त कडा बघ. काहींच्या कडेला मधोमध खाच फिरलेली असते आणि तिच्यात नक्षी असते. काहींना नुसत्या उभ्या रेघा. दोन्ही टांकसाळीचीच, दोन्ही खरी.

नाणी कुठून आणायची? गावातल्या एखाद्या दुकानदाराला रात्री गल्ला मोजून द्यायची तयारी दाखव, कोणी नाही म्हणणार नाही. गणपतीत चाकरमानी आले की मुंबईत फिरलेली नाणी गावात येतात, ते आठ-दहा दिवस सोडू नकोस. जत्रेनंतर देवळाच्या पेटीतले सुटे मोजायला माणसं हवीच असतात. निवडलेल्या नाण्याच्या जागी तेवढ्याच किमतीचं दुसरं टाकायचं, हे वेगळं सांगायला नको.

हर्णैच्या किनाऱ्यावर दोन रुपयांचं नाणं सापडलं. एका बाजूला काहीच छापलेलं नाही, दुसरी बाजू अर्धवट. एकाच बाजूने छापलेलं असेल का? (दापोली)

वजन करा. २०११ च्या मालिकेतल्या दोन रुपयांच्या नाण्याचं वजन ४.८५ ग्रॅम आणि व्यास २५ मिलिमीटर. दोन चकत्या एकावर एक यंत्रात गेल्या तर एका बाजूने कोरं नाणं खरोखर निघतं, पण त्याचं वजन पुरं भरतं आणि छापलेली बाजू स्वच्छ असते. तुमच्या फोटोत कड सुरीसारखी पातळ झालीय आणि उरलेली अक्षरंही विरलीत. हे लाटेचं आणि वाळूचं काम. मुलांना खेळायला द्या.

एकजण दहा रुपयांचं नाणं चार हजारांना देतोय. मधला पांढरा गोल उलटा बसलाय, म्हणजे बाहेरची अक्षरं सरळ धरली तर आतले सिंह डोक्यावर उभे. घेऊ का? (चिपळूण)

नका घेऊ, आणि त्याला चहाही पाजू नका.

नीट विचार केलात तर भिंगाशिवायही याचं उत्तर मिळतं. दहाच्या नाण्यात बाहेरचं पिवळं कडं आणि आतली पांढरी चकती छापायच्या आधी कोऱ्या असतात. कोरी चकती कोऱ्या कड्यात ठेवतात आणि मग एकाच ठशाचा एकच दाब दोन्हींवर पडतो. त्या दाबानेच ती एकमेकांत घट्ट बसतात. म्हणजे आतलं चित्र आणि बाहेरची अक्षरं एकाच ठशावर, एकाच वेळी. कोरी चकती आत कशीही फिरली तरी काय फरक पडतो? तिच्यावर अजून काही छापलेलंच नाही. आतलं चित्र बाहेरच्या तुलनेत फिरलेलं दिसतंय, याचा अर्थ नाणं छापून झाल्यावर कोणीतरी मधली चकती ठोकून बाहेर काढली आणि उलटी करून परत बसवली.

खात्री करायची असेल तर दोन धातूंच्या सांध्यावर भिंग धरा. खऱ्या नाण्यात सांधा बंद असतो. ठोकलेल्यात कुठेतरी फट असते, चकतीच्या काठाला दबल्याच्या खुणा असतात, कधी कधी वाळलेला गोंदही चमकतो. काही महाभाग चकती काढून पुन्हा न बसवता ‘मधला भाग नसलेलं नाणं’ म्हणून नुसतं कडं विकतात. तिथे आतली कड बघा. चकतीशिवायच छापलं गेलेलं कडं असेल, तर धातू आतल्या बाजूला थोडा वाहिलेला असतो आणि काठाजवळची अक्षरं ओढल्यासारखी दिसतात. ठोकून काढलेल्यात तसं काही नसतं, चकती बसल्याची खोबण तेवढी स्वच्छ दिसते.

दहाच्या नाण्यात खऱ्या चुका होतात. चकती मधोमध न बसता एका बाजूला सरकते. दोन्ही ठसे एकमेकांच्या तुलनेत फिरलेले असतात, पण तिथे कडं आणि चकती मिळून फिरतात. पुऱ्या नाण्याचं वजन ७.७१ ग्रॅम, व्यास २७ मिलिमीटर. आणि एक लक्षात ठेवा, दहाचं नाणं वेगवेगळ्या रूपांत आलंय. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केलं होतं, की तोवर आलेले चौदाही नमुने चालतात. दहा रेघांचं एक आणि पंधरा रेघांचं दुसरं, म्हणून त्यातलं एक खोटं, असं आजही काही दुकानांत ऐकू येतं. दुकानदारीण म्हणून सांगते, दोन्ही घ्या.

वडिलांनी देव्हाऱ्यात ‘लाखी’ रुपया ठेवलाय. एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूलाही सिंहच, पण उलटे आणि खोलगट. खरा कसा ओळखायचा? लाखात एक असतो म्हणतात. (सावंतवाडी)

लाखात एक म्हणून लाखी, आणि ज्याच्या घरी लाखी त्याच्या घरी लक्ष्मी, अशी समजूत खरी. लक्ष्मीचं मला माहीत नाही, टांकसाळीत मात्र हे नाणं निघालं की यंत्र थांबवतात.

होतं असं. छापलेलं एक नाणं बाहेर न पडता एका ठशाला चिकटून राहतं. पुढची कोरी चकती येते. तिच्या एका बाजूला खरा ठसा उमटतो, दुसऱ्या बाजूला ते चिकटलेलं नाणंच ठशाचं काम करतं. नाण्यावरचे सिंह उठावाचे, म्हणून नव्या चकतीवर ते खोल जातात आणि आरशात दिसावं तसे उलटतात. इंग्रजीत याला ब्रॉकेज म्हणतात.

तुमच्या नाण्यावर तीन गोष्टी बघा. खोलगट बाजूच्या सिंहाखालचं ‘सत्यमेव जयते’ खोल आणि उलटं आहे का? हाताच्या आरशात धरलं की सरळ वाचता आलं पाहिजे. दुसरं, त्या बाजूला मुळात जे असायला हवं होतं, रुपयाचा मोठा ‘१’ किंवा कणसं, त्याचा कुठे ठसा-अवशेष उरलाय का? दोन खरी नाणी पोलादी शिकंज्यात एकमेकांवर दाबली की एकावर दुसऱ्याचे सिंह खोल उमटतात, पण आधीचं चित्र पूर्ण पुसलं जात नाही, ते सिंहांच्या मागून डोकावतं. तिसरं, उठावाच्या बाजूचे सिंह टोकदार आहेत की चेपलेले? शिकंज्यात एक बाजू दाबताना दुसरी चेपतेच. खऱ्या लाखीत उठावाची बाजू नेहमीच्या नाण्याइतकीच ताजी असते.

काही लोक दोन नाणी अर्ध्यात कापून चिकटवतात. त्यांची कड भिंगाखाली फिरवली की जोड दिसतो आणि टेबलावर टाकलं की आवाज ठस येतो. देव्हाऱ्यात नाण्यावर चढलेलं कुंकू आणि तेल मात्र पुसा, देवाला त्याचं काही वाटणार नाही. कसं पुसायचं ते खालच्या पत्रात.

आईने माझी जुनी तांब्याची नाणी आमसुलाच्या पाण्यात घालून लख्ख केली. आता त्यांची किंमत वाढेल ना? आणि पावसाळ्यात नाण्यांवर हिरवं येतं, त्याला काय करू? (देवरूख)

किंमत गेली. आईला काही बोलू नका, तिने देवाच्या भांड्यांना करतात तेच केलं. आमसुलातलं आम्ल तांब्यावरचा काळपट थर काढतं, पण तो थर म्हणजे मळ नव्हे, तो तांब्यानेच वर्षानुवर्षं धरलेला पापुद्रा असतो. तो गेला की खालचा धातू उघडा पडतो, गुलाबी दिसतो, आणि बारीक अक्षरांच्या कडाही थोड्या खाल्ल्या जातात. व्हरायटी ओळखायला ज्या बारीक कडा लागतात, त्याच नेमक्या जातात. चिंच, लिंबू, राख, रांगोळी, दातांची पेस्ट, सगळ्यांना हेच लागू. तांबं असो की चांदी, नाणं घासायचं नाही.

मळ असेल तर साबणाच्या कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवायचं, हाताने न चोळता साध्या पाण्यातून काढायचं आणि मऊ कापडावर टिपायचं. तेल-कुंकवासाठी शुद्ध अॅसिटोन चालतं. नखांच्या रंगाचं रिमूव्हर नको, त्यात भलतंच काही मिसळलेलं असतं. अॅसिटोन पेट घेतं, तेव्हा चुलीपासून, देव्हाऱ्यातल्या निरांजनापासून लांब आणि खिडकी उघडी ठेवून.

आता पाऊस. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींना घाम येतो, त्यात खारी हवा. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारे मऊ, वास मारणारे प्लॅस्टिकचे अल्बम अशा हवेत नाण्यांचे शत्रू. ते पीव्हीसीचे असतात, काही वर्षांनी त्यांतून आम्ल सुटतं आणि नाण्यावर चिकट हिरवा लेप येतो. चौकोनी पुठ्ठ्याचे, पारदर्शक खिडकीचे होल्डर घ्या. त्यांना आपण स्टेपलर मारतो आणि तीच पिन पावसाळ्यात गंजून नाण्यापर्यंत पोहोचते, म्हणून चिकटपट्टीचे होल्डर बरे. सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि डबा पावसाच्या बाजूच्या भिंतीला लागून नको. अॅल्युमिनियमची पैशांची नाणी, म्हणजे तीन पैशांचं षटकोनी, दहा पैशांचं कंगोऱ्यांचं, यांना वेगळा डबा द्या. खाऱ्या हवेत त्यांना पांढरे डाग पडून बारीक खड्डे होतात आणि ते परत भरत नाहीत.

आजोबांच्या ट्रंकेत गोव्याची पोर्तुगीज नाणी मिळाली, सन १९५९. त्यांवर ३ आणि ६ एस्कुदो असं लिहिलंय. तीन आणि सहा रुपयांचं नाणं कधी असतं का? छापताना आकडा चुकला असणार. (वेंगुर्ला)

आकडा बरोबर आहे. पोर्तुगीजांनी गोव्यात रुपिया बदलून एस्कुदो आणलं तेव्हा एका रुपियाला सहा एस्कुदो असा दर धरला. म्हणून सहा एस्कुदो म्हणजे जुना एक रुपिया, तीन म्हणजे आठ आणे. त्याच मालिकेत ३० आणि ६० सेंटाव्होही आहेत, शंभर सेंटाव्हो म्हणजे एक एस्कुदो. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, त्यामुळे ही नाणी चालली फार थोडी वर्षं. एरर नाही, पण संच पुरा करायला मजेचा आहे. ट्रंक पुन्हा उपसा, दहा सेंटाव्हो आणि एक एस्कुदोही सापडतील.

महाडजवळ आमच्या शेतात नांगरताना शिवराई मिळाल्या. एकीवर ‘शिव’, एकीवर ‘सिव’, एकीवर अर्धंच अक्षर. यांतली चुकीची कोणती? (महाड)

एकही नाही. आज आपण ‘चूक’ म्हणतो ती यंत्राच्या काळातली गोष्ट आहे. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला आणि महाराजांच्या नावाची नाणी पडू लागली. पुढे छत्रपतींच्या वारसांच्या आणि पेशव्यांच्या काळातही शिवराई ठिकठिकाणी पडतच राहिली. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. ठसे हाताने कोरलेले, कोरणारे वेगवेगळे. कोणी ‘शिव’ कोरलं, कोणी ‘सिव’, कोणी ‘पति’ तर कोणी ‘पती’. शिवाय कॉलर नव्हतीच. तांब्याचा तुकडा ठशावर ठेवून हातोड्याचा घाव घालायचा, आणि तो तुकडा बऱ्याचदा ठशापेक्षा लहान. म्हणून एकीवर ‘राजा’ पूर्ण येतो आणि ‘श्री’ अर्धा बाहेर जातो. आजच्या दोन रुपयांवर असं झालं तर त्याला ऑफ सेंटर म्हणून पैसे पडतात, शिवराईत तीच रीत होती. जमवणारे उलट यातच रमतात. अक्षराचं वळण, टिंबं, ओळींमधल्या रेघा यांवरून एकेका ठशाचा माग काढत बसतात. व्हरायटी शिकायला याहून मोठी शाळा महाराष्ट्रात नाही.

तुमच्या पत्रातला ‘नांगरताना’ हा शब्द महत्त्वाचा आहे. जमिनीत पुरलेला, दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचा ठेवा सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. हा १८७८ चा कायदा आहे आणि तो अजून लागू आहे. तलाठ्यांशी बोला, अर्ज द्या, पोच घ्या. शिवाय शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं. त्याचा व्यापार करायला परवाना लागतो आणि परदेशी पाठवता तर येतच नाही. परदेशातल्या कोणी भाव विचारला, तर उत्तरही देऊ नका.

शिवराई जवळून बघायच्या असतील तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथे संग्रहालय आहे. त्र्यंबकेश्वरला जाणार असाल तर वाटेवरच.

वैष्णोदेवीच्या नाण्याला दहा लाख, रुपयाच्या नाण्याला अडीच लाख, असे मेसेज येतात. खरं का? (अशी पत्रं बरीच, गावं लिहीत नाही)

खोटं. वैष्णोदेवीचं पाच आणि दहा रुपयांचं नाणं सरकारने चलनातच आणलं होतं, माझ्या गल्ल्यात कितीतरी आली आणि गेली. हे मेसेज पाठवणारा नाणं घेत नाही. तो आधी ‘नोंदणी’, मग ‘कर’, मग ‘कमिशन’ म्हणून तुमच्याकडूनच पैसे घेतो, आणि वर रिझर्व्ह बँकेचं बोधचिन्ह लावलेलं पत्रही दाखवतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय, की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात बँक पडत नाही, कोणाकडून शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही. ज्याला नाणं हवंय तो पैसे देतो, मागत नाही.

काकू, मी सहावीत आहे. बाबा म्हणतात सगळी रुपयाची नाणी सारखीच. मला त्यांना खोटं पाडायचंय. (कणकवली)

शाब्बास. बाबांसमोर एक मूठभर रुपये ओत आणि सनाच्या खाली बघायला लाव. तिथे पत्त्यांतल्या चौकटसारखं चिन्ह असेल तर नाणं मुंबईच्या टांकसाळीचं. तारा असेल तर हैदराबाद. छोटं गोल टिंब असेल तर नोएडा, पण ती टांकसाळ १९८८ ला सुरू झाली, म्हणून त्याआधीच्या सनावर ते टिंब शोधू नकोस. काहीच नसेल तर कोलकाता. हैदराबादने तारा घेण्याच्या आधी चिरलेली चौकट वापरली आणि मग पोटात टिंब असलेली चौकट, ती तुला जुन्या पैशांवर मिळेल. एका सनाचे चार टांकसाळींचे चार रुपये एका ओळीत लाव. बाबा तिथेच हरले.

मग त्यांना विचार, आपल्या देशाचं नाणं परदेशात छापलं गेलंय का? ते नाही म्हणतील. १९८५ चा रुपया शोध, सनाखाली इंग्रजी ‘एच’ असेल तर तो इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा. १९८८ च्या काही पन्नास पैशांवर ‘सी’ दिसेल, ते कॅनडाच्या ओटावाचं. नाणी कमी पडत होती म्हणून सरकारने बाहेरून छापून आणली होती.

शेवटी ठसा फिरलाय का ते बघायचं. रुपयाचे सिंह सरळ दिसतील असा तो दोन बोटांत वर-खाली धर आणि पुस्तकाचं पान उलटावं तसा उलट. मागची बाजूही सरळच दिसली पाहिजे, आपली नाणी तशीच छापतात. किंचित तिरकी दिसली तर सोडून दे, तेवढं चालतं. पूर्ण आडवी किंवा डोक्यावर उभी दिसली, तर ते नाणं गोळ्या-बिस्किटांत घालवायचं नाही. होल्डरमध्ये घाल, सन आणि चिन्ह वहीत लिही आणि मला फोटो पाठव. दोन्ही बाजूंचे आणि कडेचा, असे तीन, खिडकीजवळच्या उजेडात, शेजारी पट्टी ठेवून. नाणं मात्र पोस्टाने पाठवू नकोस.